आधी वजाबाकी, मग गुरुत्वाकर्षण

दहाएक वर्षांपूर्वी नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागा पाणलोटावर एक हेलिकॉप्टर भलंमोठं कडं लटकावून फिरत होतं. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची ती भूजल-पाहणी होती. अशी यंत्रं 'गुरुत्वाकर्षण मोजून पाणी दाखवतात' हा समज चुकीचा आहे. त्या कड्यातून विजेचे स्पंद सोडतात आणि जमिनीचा प्रतिसाद टिपतात. गुरुत्वमापकाला विहिरीचा झरा सापडणार नाही; त्याला कळतो तो खडकांच्या घनतेतला फरक.

हा फरक नागपूरच्या आसपास ठळक आहे. पश्चिमेला घनसेंटिमीटरला सुमारे २.९ ग्रॅम घनतेचा बेसाल्ट, पूर्वेला २.७च्या आसपासचे जुने नाइस खडक, कामठी-उमरेडकडे त्याहून हलके कोळशाचे थर. यामुळेही शाळेतला गुरुत्वत्वरणाचा ९.८ हा आकडा सगळीकडे तंतोतंत सारखा नसतो. खडकांमुळे पडणारा फरक मात्र काही मिलिगॅलचा, आणि एक मिलिगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाकर्षणाचा साधारण दहा लाखावा भाग.

'गुरुत्वमापक विमानात ठेवला की आकडा मिळाला' हा दुसरा समज, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. ताशी २०० किलोमीटर वेगाने नागपूरहून भंडाऱ्याकडे, म्हणजे पूर्वेला निघालात, तर पृथ्वीच्या फिरण्यात विमानाचा वेग मिळून गुरुत्वाकर्षण सुमारे ८०० मिलिगॅलने कमी भरतं. ७० किलोच्या माणसाचं वजन जवळपास ५७ ग्रॅम घटतं! तेच अमरावतीकडे वळलात तर सुमारे ७०० मिलिगॅलने वाढतं. उंचीत एका मीटरची चूक झाली तर ०.३ मिलिगॅलची भर. हवेतले हेलकावे तर हजारो मिलिगॅलचे. उपग्रहांच्या मदतीने विमानाची नेमकी हालचाल काढून हे सगळं वजा करावं लागतं. उरलेले हेलकावे सरासरीत जिरवावे लागतात. त्यात बारीक तपशीलही पुसले जातात, म्हणून छोटा खनिजसाठा निसटू शकतो.

हेलकाव्यांवर एक उपाय म्हणजे प्रवणतामापक, म्हणजे जवळच्या दोन जागांमधला गुरुत्वाकर्षणाचा फरक मोजणारं यंत्र. त्यात संवेदकांच्या जोड्या असतात. विमानाचा धक्का जोडीतल्या दोघांना सारखाच बसतो, म्हणून फरक घेताना तो गळून जातो. कोयना-वारणा भूकंपक्षेत्रात अशीच हवाई पाहणी झाली. पण उथळ लहान वस्तुमान आणि खोल मोठं वस्तुमान वरून सारखीच खूण उमटवू शकतात. खडकाचं नाव पाहणीतून निघालेला नकाशा सांगत नाही, त्यासाठी विवरच खणावं लागतं. कोयनेजवळ रासाटीला ते खणलं, तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मधे गाळाचा थर नव्हताच.