संशोधन-मार्गदर्शन, जीववैद्यकीय

संशोधन-मार्गदर्शन, जीववैद्यकीय : वैद्यकाशी निगडित जीवविज्ञानांत पीएच्.डी. साठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यास अनुभवी संशोधकाकडून मिळणारे दीर्घकालीन शिक्षण. प्रश्नाची निवड, प्रयोगाची आखणी, फसलेल्या प्रयोगाचा अर्थ लावणे या गोष्टी पाठ्यपुस्तकांतून फारशा साधत नाहीत. त्या प्रयोगशाळेतील सहवासाने अंगवळणी पडतात. हान्स क्रेब्ज यांनी १९६७ मध्ये आपली गुरुपरंपरा व्हारबुर्ख, एमील फिशर व बायर यांच्यामार्फत थेट लीबिकपर्यंत नेऊन दाखविली. हॅरिएट झुकरमन यांच्या १९७७ मधील ग्रंथानुसार, १९७२ पर्यंत अमेरिकेतील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेल्या ९२ शास्त्रज्ञांपैकी ४८ जणांनी आधीच्या नोबेल विजेत्यांच्या हाताखाली काम केले होते. अर्थात नामवंत गुरू शिष्यही पारखून घेतो, हे येथे विसरता येत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७४ च्या कायद्यानुसार ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या शासकीय संस्थेची प्रशिक्षण अनुदाने विद्यापीठांतील कार्यक्रमांना दिली जातात. अशा कार्यक्रमात विद्यार्थी सामान्यतः पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काही आठवडे काम करतो व नंतर मार्गदर्शक निवडतो. पुढे मात्र त्याचे विद्यावेतन बहुधा मार्गदर्शकाच्याच संशोधन अनुदानातून दिले जाते. परिणामी शिक्षक हाच वेतनदाता होतो. अनुदानाच्या नूतनीकरणासाठी त्याला प्रकाशित निबंध हवे असतात, तर विद्यार्थ्याला वेळेवर पदवी आणि स्वतःचा असा प्रश्न हवा असतो. ही दोन हिते नेहमीच जुळतात असे नाही. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास विद्यार्थ्यासही स्थलांतर करावे लागते किंवा नव्याने आरंभ करावा लागतो.

यावर उपाय म्हणून प्रबंध समिती असते. तीत इतर प्राध्यापक असून ते ठराविक काळाने प्रगती तपासतात आणि काम पुरेसे झाले की नाही हे ठरवितात. तथापि हे सदस्य मार्गदर्शकाचे सहकारीच असतात. शिवाय पुढील नोकरीसाठी शिफारसपत्र त्याच्याकडूनच मिळवावयाचे असल्याने विद्यार्थी समितीपुढे सहसा तक्रार करीत नाही. संशोधनातील सचोटीचे शिक्षण प्रशिक्षण अनुदानांसाठी १९९० पासून आवश्यक करण्यात आले. बहुसंख्य पदवीधर प्राध्यापक होत नसल्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याने भावी व्यवसायाचा वैयक्तिक आराखडा करावा, असा आग्रह २०१३ पासून धरण्यात आला. परंतु विद्यापीठाबाहेरचे व्यवसाय अनेक मार्गदर्शकांनाच अपरिचित असतात. आर्थिक अवलंबित्वाला हात घालणारे उपाय त्या मानाने उशिरा आले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२१ मध्ये मार्गदर्शक बदलू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एका सत्रापुरत्या आर्थिक साहाय्याची हमी दिली.