एका बोटावर धावणारे कुळ

घोडा धावतो तो बोटावर, तेही प्रत्येक पायाच्या फक्त मधल्या बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचे जाडजूड नख. नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी दोन बारीक हाडे चिकटलेली असतात, ती शेजारच्या बोटांच्या खुणा.

सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या जंगलात या कुळाचे कोल्ह्याएवढे पूर्वज कोवळी पाने खात फिरत. पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना तीन. पुढे गवताळ मैदाने पसरली. गवतातल्या सिलिकाने आणि त्यावरच्या धुळीने दात झपाट्याने झिजतात. उंच दातांचे प्राणी टिकले, आणि मोकळ्या माळावर लांब पायांचे. हे बदल दाखवणारे, जीवाश्मशास्त्रज्ञ मार्श यांनी जमवलेले जीवाश्म १८७६ मध्ये येल विद्यापीठात पाहून जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी उत्क्रांतीवरचे आपले व्याख्यानच नव्याने बांधले. पाठ्यपुस्तकातली लहानापासून मोठ्या घोड्यापर्यंतची सरळ रांग मात्र फसवी आहे. या वंशाला असंख्य फांद्या फुटल्या आणि बहुतेक वाळल्या.

आज उरल्या जेमतेम सात जाती: घोडा, तीन झेब्रे, आफ्रिकी रानगाढव, तिबेटचा कियांग आणि आशियाई रानगाढव. कच्छच्या छोट्या रणातले घुडखर याच शेवटच्या जातीचे. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात. जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून ते बहुधा वांझ.

अमेरिकेतले घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले. आपल्या मूळ भूमीवर ते परतले १४९३ मध्ये, कोलंबसच्या जहाजांतून.