फुकट ते पौष्टिक! (पुस्तकांच्या बाबतीत तरी)

तुमची 'मृत्युंजय' शेजारच्या काकू वाचायला म्हणून घेऊन गेल्या, दोन पावसाळे उलटले तरी परत आली नाही, म्हणून कुरकुरताय? मग हे ऐका. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजच्या ग्रंथालयातून रॉबर्ट वॉलपोल नावाच्या गृहस्थांनी १६६८च्या सुमारास एक पुस्तक नेलं. ते परत आलं १९५६ साली! मधल्या काळात या वॉलपोलसाहेबांचा मुलगा ब्रिटनचा पहिला पंतप्रधान होऊन गेला, पण पुस्तक काही जागचं हललं नाही. शेवटी प्लम्ब नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना ते एका सरदार घराण्याच्या वाड्यात सापडलं. उशीर २८८ वर्षांचा. गिनेस बुकात नोंद झाली, दंड मात्र माफ.

जॉर्ज वॉशिंग्टनही यातून सुटले नाहीत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ५ ऑक्टोबर १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातून त्यांच्या नावावर दोन पुस्तकं गेली आणि परत आलीच नाहीत. त्यांतलं एक चक्क कायद्याचं होतं. २०१० साली वॉशिंग्टन यांचं घर सांभाळणाऱ्या संस्थेने त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधून नेऊन दिली. तेव्हा काकूंना अजून थोडी मुदत द्यायला हरकत नाही.

एकाच वर्षी दोन पेट्या

२००९ साली जगाच्या दोन टोकांना दोन माणसांच्या डोक्यात पुस्तकांची पेटी आली. एकमेकांना त्यांचा पत्ताही नव्हता.

पहिली पेटी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, हडसन नावाच्या गावी. टॉड बोल यांनी जुन्या गॅरेजच्या दाराचं लाकूड वापरून एका खोलीच्या शाळेसारखं दिसणारं खोकं बनवलं, त्यात पुस्तकं भरली आणि अंगणात खांबावर लावून टाकलं. आई शिक्षिका होती, तिच्या आठवणीसाठी. वाटेल त्याने पुस्तक न्यावं, जमलं तर एखादं ठेवावं. कार्ड नाही, अनामत नाही, रजिस्टर नाही. दानशूर अँड्र्यू कार्नेगींनी अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली होती, तो आकडा ओलांडायचा असं बोल यांनी पुढे ठरवलं. तीन वर्षांत ओलांडलाही. आज अशी खोकी लाखाच्या कितीतरी वर आहेत.

दुसरी पेटी नाशिकची. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. वाचक ग्रंथालयाकडे येत नाही ना, मग ग्रंथालयाने वाचकाकडे जावं, असा साधा हिशेब. पुस्तकांनी भरलेली पेटी एका भागातल्या वाचकांच्या गटाकडे जाते; काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे आणि त्यांची यांच्याकडे. पैसा येतो वाढदिवसाच्या आणि स्मरणार्थाच्या देणग्यांतून. केक, फुगे, परतीची भेट यांच्यात जाणारे पैसे पेटीत पडले, आणि पेट्या नाशिकातून निघून थेट दुबईपर्यंत पोचल्या.

दोन्हीत मला नाशिकची पेटी जास्त आवडते. अमेरिकन खोक्यात पुस्तक कुणी ठेवलं हे कधीच कळत नाही. नाशिकच्या पेटीभोवती गट असतो, आणि गट म्हटला की बोलणं आलं: "अहो, ते निळ्या मुखपृष्ठाचं आधी वाचा, बाकीची नंतर."

राजा, घोडा आणि स्ट्रॉबेरी

वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय गावात रिचर्ड बूथ यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. बघता बघता गावभर दुकानंच दुकानं झाली. मग १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमलं. तारीख पाहिलीत ना? तरी जाहिरात झाली ती झालीच.

याच गावावरून कल्पना घेऊन ४ मे २०१७ रोजी पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तोवर ते ओळखलं जायचं स्ट्रॉबेरीसाठी. फरक एवढाच की हे-ऑन-वायमध्ये पुस्तकं विकतात, भिलारमध्ये ती नुसती वाचायची. कुणाच्या ओसरीवर कथा, कुणाच्या दिवाणखान्यात इतिहास, आणखी कुठे बालसाहित्य. पैसे नाहीत. सुरुवातच मुळी २५ ठिकाणी ठेवलेल्या १५ हजार पुस्तकांनी झाली. महाबळेश्वरला जाऊन पॉइंटावर सेल्फी काढणाऱ्या मंडळींनी अर्धा दिवस इकडे वळवावा.

रद्दीतलं सोनं

कोलंबियाच्या बोगोटा शहरात होसे गुतिएरेस कचऱ्याची गाडी चालवायचे. एकदा कचऱ्यात त्यांना 'अ‍ॅना कॅरेनिना' सापडली. टॉलस्टॉय कचऱ्यात! त्यांनी ती घरी नेली, मग सापडेल ते पुस्तक नेऊ लागले, आणि घराचं वस्तीसाठी मोफत ग्रंथालय झालं. तुर्कस्तानात अंकारातल्या सफाई कामगारांनीही असंच, लोकांनी फेकलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय उभं केलं.

आपल्याकडे पुस्तकं कचऱ्यात जात नाहीत, रद्दीत जातात, किलोवर. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. वाडा पडला, कुणी फ्लॅट विकला, आजोबा गेले की आठवड्याभरात अख्खं कपाट त्याच्या तराजूवर येतं. रद्दीच्या वाटेला जाण्याआधीच पुस्तकं वळवायची असतील तर डोंबिवलीचा कित्ता आहे: पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शनात आपली वाचून झालेली पुस्तकं न्यायची आणि दुसऱ्यांची घेऊन यायची.

दिवाळी अंकाची चिठ्ठी

मराठी माणसाची सगळ्यात जुनी पुस्तक-भिशी म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण फराळाबरोबर वाचतो आहोत. आता अंकांच्या किमती अशा की दहा अंक घरी आणायचे तर फराळात काटछाट करावी लागेल. म्हणून वाचनालयांच्या योजना: ठरावीक रक्कम भरा, पुढचे काही महिने अंक बदलत राहा.

त्याहून गमतीची सोसायटीतली योजना. आठ घरांनी आठ वेगवेगळे अंक घ्यायचे आणि फिरवायचे. आमच्याकडे फिरणाऱ्या अंकांच्या पहिल्या पानाला एक चिठ्ठी स्टेपल केलेली असते: फ्लॅट नंबर, घेतल्याची तारीख, सही. नियम दोनच. शब्दकोडं पेनाने सोडवायचं नाही, आणि पाककृतीचं पान फाडायचं नाही. या चिठ्ठीवर शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे आणि खरी मजा तिथेच असते. "कथा बेतास बात, मुलाखत जरूर." "पान ८४ सोडून बाकी जाहिराती." खाली दुसऱ्या अक्षरात, "८४ पण सोडा." एवढी नेमकी समीक्षा मी छापील मासिकात क्वचितच वाचली आहे.

वाचनालयांतही हे लेखन चालतं, तिथे मात्र ते गुन्हा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचनालयातून आणून वाचणाऱ्या पिढीला विचारा, खुन्याच्या नावाखाली पहिल्याच प्रकरणात पेन्सिलने रेघ मारून ठेवणारे महाभाग किती असायचे ते.

"हे वाचच" म्हणण्याची कला

पुस्तक मिळणं आता अवघड नाही. अवघड आहे ते कुठलं वाचायचं हे कळणं, आणि तिथे मित्रच लागतो.

याचा मोठा पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकेने आपल्या सैनिकांना गणवेशाच्या खिशात मावतील अशी सुमारे १२ कोटी पुस्तकं फुकट वाटली. एकाने वाचायचं, दुसऱ्याकडे सरकवायचं. त्यात एक होती 'द ग्रेट गॅट्सबी'. १९२५ची ही कादंबरी फारशी खपली नव्हती, लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड १९४० साली अयशस्वी म्हणूनच गेले. तिच्या सुमारे दीड लाख प्रती सैनिकांच्या हाती पडल्या आणि नशीब पालटायला सुरुवात झाली. आज ती तिकडच्या शाळांत शिकवतात.

शिफारस करायची तर एकाच पुस्तकाची करा. दहा नावांची यादी पाठवली की समोरचा "वा!" म्हणतो आणि एकही वाचत नाही. वाचन सुटलेल्या मित्राच्या हाती जाडजूड खंड देऊ नका. माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या, नाहीतर प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग'. दोन्ही आटोपशीर आहेत, आणि 'रारंगढांग' तर जाहिरातीवर कमी आणि "अरे, हे वाचलंस का?" यावर जास्त जगलेलं पुस्तक आहे. ज्याला वाचणाऱ्या माणसाबद्दलच वाचायचं असेल त्याला सतीश काळसेकरांची 'वाचणाऱ्याची रोजनिशी' सुचवा. २०१३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक एक, पण त्यातून पुढच्या वर्षभराची यादी निघते.

मित्र परगावी असेल तर टपाल खातं आहे. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये, पाच किलोंपर्यंत १०० रुपये, वर कर, असा सुरुवातीचा दर.

फुकट, पण उजळ माथ्याने

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नव्या पुस्तकांची पीडीएफ फुकट नसते, चोरीची असते. सरळ मार्गाने मिळणारंच इतकं आहे की चोरीची गरज नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश खुला आहे, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं विनामूल्य देतं, आणि विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत.

जुनी म्हणजे किती जुनी? भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांच्या पुस्तकांचे हक्क संपायची वेळ आली तशी विश्वभारतीची काळजी वाढली आणि कायद्यात दहा वर्षं वाढवून मिळाली. त्या दहा वर्षांचा लाभ मग सगळ्याच लेखकांच्या वारसांना झाला.

आता हिशेब करा. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांची. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. आचार्य अत्र्यांसाठी २०३० उजाडायला हवं. पु. लं.साठी १ जानेवारी २०६१. तोवर पु. ल. विकत घ्या, वाचनालयातून आणा, नाहीतर काकूंकडून मागून आणा. जाताच आहात तर 'मृत्युंजय'चीही आठवण करा.