अमिग्डलाला पक्ष असतो का?

अभिनेता कॉलिन फर्थ बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमाचा पाहुणा संपादक झाला आणि त्याने एक प्रश्न टाकला: डाव्या आणि उजव्या विचारांच्या माणसांचे मेंदूही वेगळे असतात का? त्यातून २०११मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त शोधनिबंध आला, लेखकांमध्ये फर्थचंही नाव होतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या रियोटा कानाई, गेरेंट रीस आणि सहकाऱ्यांनी ९० विद्यार्थ्यांचे एमआरआय तपासले होते. स्वतःला परंपरावादी म्हणवणाऱ्यांच्या मेंदूतला उजव्या बाजूचा अमिग्डला, म्हणजे एरवी भीतीशी जोडला जाणारा भाग, सरासरीने मोठा होता. उदारमतवाद्यांच्या मेंदूत परस्परविरोधी माहितीची दखल घेणाऱ्या अँटीरियर सिंग्युलेट या भागात करडं द्रव्य जास्त होतं.

याचा सोपा अर्थ लगेच पसरला: उजव्यांचा मेंदू भित्रा, डाव्यांचा लवचिक. मला हा अर्थ घातक वाटतो. समोरच्याचं मत म्हणजे त्याच्या मेंदूतला दोष, असं एकदा ठरवलं की त्याच्याशी बोलायचं कारणच उरत नाही. शिवाय अमिग्डला फक्त भीतीसाठी नसतो. बक्षीस, आनंद, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव, अशा कितीतरी गोष्टींची दखल घेण्यात त्याचा वाटा असतो.

आधी मेंदू की आधी मत, हेही एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही. लंडनमध्येच मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी टॅक्सीचालकांचे मेंदू तपासले होते. शहरातले हजारो रस्ते पाठ करून परवाना मिळवणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाचा, मागचा हिस्सा त्या अभ्यासाच्या काळात वाढला होता. सवयीने मेंदू असा घडत असेल, तर वर्षानुवर्षं जोपासलेल्या मतांनीही तो घडू शकतो.

मग २०२४मध्ये लंडनचे निष्कर्ष पुन्हा पडताळायला, काय तपासणार आणि कसं, हे आधीच जाहीर करून संशोधकांनी ९२८ डच तरुणांचे स्कॅन पाहिले. सिंग्युलेटचा संबंध सापडलाच नाही. अमिग्डलाचा सापडला, पण लंडनमध्ये दिसलेल्या संबंधाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. आकारातला फरक तिळाएवढा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच अभ्यासातलं एक निरीक्षण. नेदरलँड्समध्ये पक्ष अनेक. तिथला समाजवादी पक्ष आर्थिक धोरणात कडवा डावा, पण सामाजिक बाबतीत परंपरेकडे झुकणारा. त्याच्या समर्थकांचा अमिग्डला इतर पुरोगामी पक्षांच्या समर्थकांपेक्षा सरासरीने मोठा निघाला. आर्थिक आणि सामाजिक मतं वेगवेगळी मोजली होती, म्हणून त्याचा अर्थ लावता आला. डाव्या-उजव्याच्या एकाच पट्टीवर ही माणसं बसलीच नसती.