उजळ कोपऱ्यांची वीस वर्षं

२००३ साली कॅननचा ३००डी आला आणि डिजिटल एसएलआर पहिल्यांदा हजार डॉलरच्या आत मिळू लागला. हौशी आकाशछायाचित्रकारांनी फिल्म सोडली ती साधारण तेव्हापासून, आणि फोटोच्या पार्श्वभूमीवर पसरणाऱ्या ग्रेडियंटची कुरकुरही तेव्हाच वाढली. एका कडेला आकाश काळं, दुसरीकडे नारिंगी, मधे कुठेतरी हिरवट झाक. फिल्मवर ग्रेडियंट नव्हता असं नाही. पण फिल्मवरचा अंधूक भाग फार वर ओढता येत नसे, म्हणून तो खपून जाई. सेन्सर पडेल त्या प्रकाशाच्या प्रमाणात नोंद करतो. त्यामुळे अनेक फ्रेम एकावर एक रचून स्ट्रेच केल्या, म्हणजे त्यांचा अंधूक भाग वर ओढला, की तेजोमेघाबरोबर सगळा कचराही वर येतो.

सुरुवातीला संशय कॅमेऱ्यावर जाई, आणि तो पुष्कळदा खराही ठरे. निकॉनच्या डी७० वर लांब एक्स्पोजर दिलं की कोपऱ्यात जांभळी झाक उमटायची. सेन्सरलगतच्या सर्किटचा तो उजेड, म्हणजे ॲम्प ग्लो. नंतरच्या खगोल-कॅमेऱ्यांत सोनीचा आयएमएक्स२९४ सेन्सर त्यासाठी ओळखला गेला. झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, तेवढ्याच तापमानाच्या डार्क फ्रेम घेतल्या की तो वजा होतो. आयएमएक्स५३३ आणि ५७१ हे सेन्सर आल्यावर तर ही डोकेदुखी जवळपास संपली. व्ह्यूफाइंडरमधून आत शिरणारा उजेड हा तसा किरकोळ चोर. त्यासाठीचं रबरी झाकण कॅननच्या पट्ट्यालाच असायचं आणि ते कशासाठी आहे हे बहुतेकांच्या गावीही नसायचं.

खरा गोंधळ झाला तो फ्लॅटचा, म्हणजे एकसारख्या उजेडाकडे रोखून घेतलेल्या फ्रेमचा, आणि आजही नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो. दुर्बिणीतून कोपऱ्यांत कमी प्रकाश पोचतो. तिथलं सगळंच ठरावीक प्रमाणात मंद होतं, म्हणून तिथे फ्लॅटने भागाकार करावा लागतो. शहराच्या उजेडाची आकाशात भर पडते, ती वजा करावी लागते. हे दोन दोष एकाच हत्याराने निस्तरायला गेलं की फोटो बिघडतो. फ्लॅट दिल्यावर काळे कोपरे उलट उजळ झाले तर बरेच जण फ्लॅटच फेकून देतात. बहुतेक वेळा फ्लॅट निर्दोष असतो. मूळ फ्रेममधून डार्क किंवा बायस (सेन्सरचा मुळातलाच आकडा) वजा करायचा राहिलेला असतो, आणि तो उरलेला आकडाही फ्लॅटने भागला जाऊन कोपऱ्यांत फुगतो. उलट फ्लॅटमधूनच बायस वजा झाला नसेल, तर कोपरे थोडे काळेच राहतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून संध्याकाळच्या आकाशाकडे फ्लॅट घ्यायची जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. मात्र मधे कॅमेरा फिरवायचा नाही आणि फोकसला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दशकात दोषी बदलला. जानेवारी २०१५ मध्ये देशभर पथदिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सोडियमच्या दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा आणि जुने प्रकाशप्रदूषण फिल्टर तो बऱ्यापैकी अडवत. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, तो कुठे अडवणार? वांगणीसारख्या मुंबईकरांच्या जुन्या निरीक्षणस्थळावरूनही वायव्येला कल्याण-बदलापूरचा उजेड असतोच. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषाच तेवढ्या सोडणारे दुहेरी नॅरोबँड फिल्टर आले, पण ते तेजोमेघांपुरतेच. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. तिथे ते फारसे कामाला येत नाहीत.

दोष कॅमेऱ्यात की आकाशात, हे ओळखायचा सोपा उपाय या सगळ्या काळात बदलला नाही. कॅमेरा नव्वद अंश फिरवून पुन्हा फोटो घ्यायचा. ग्रेडियंटचा उतार फ्रेमच्या त्याच कडेला राहिला तर दोष यंत्रात. ताऱ्यांच्या संदर्भात जागचा हलला नाही तर आकाशात.

आता सिरिल आणि ग्राएक्सपर्ट ही मोफत सॉफ्टवेअर एका क्लिकसरशी पार्श्वभूमी सपाट करतात. मला त्यांचा धाक वाटतो. कृत्तिकांभोवतीची धूळ किंवा देवयानीची फिकट बाहेरची कड त्यांच्या लेखी ग्रेडियंटच असू शकते. पार्श्वभूमी मोजायचे नमुन्याचे ठिपके हाताने, वस्तूपासून दूर ठेवणं कंटाळवाणं खरं, पण त्यात काय पुसलं जातंय ते कळतं. शिवाय रात्रभरात वस्तू आकाशात सरकते, तसा उताराचा कोनही बदलतो. सगळं रचून झाल्यावर उरतो तो वाकडातिकडा अवशेष. म्हणून प्रत्येक फ्रेममधून साधा सरळ उतार आधीच काढावा.

२०२३ साली आलेल्या सीस्टार एस५० सारख्या स्वयंचलित दुर्बिणींनी नवा घोळ आणला. त्यांच्या नेहमीच्या आल्ट-ॲझिमथ (वर-खाली आणि आडवं वळण्याच्या) पद्धतीत चित्रक्षेत्र हळूहळू फिरतं, त्यामुळे कोपऱ्यांवर कमी फ्रेम पडतात आणि तिथे कळकट, दाणेदार पट्टा उरतो. त्यावर ग्रेडियंटचं औषध चालत नाही. तो सरळ कापून टाकावा.