नैवाशाच्या पाण्यावर

पुतण्या नोकरीनिमित्त नैरोबीस असतो. त्याच्या आग्रहास्तव २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे केनियास जाणे झाले आणि तेथून सुमारे नव्वद किलोमीटरांवरील नैवाशा सरोवर पाहण्याचा योग आला. आफ्रिका म्हटली की सिंह, ही आमची मास्तरी समजूत. सिंह काही दिसला नाही; दिसला तो पाणघोडा.

खचदरीच्या तळाशी असूनही हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटर उंचीवर आहे. मालेवा व गिलगिल या नद्या त्यास येऊन मिळतात. बाहेर पडणारी नदी मात्र एकही नाही. तरीही पाणी गोडे, कारण ते भूगर्भात झिरपून निघून जाते. नैवाशा हे नाव एका मसाई शब्दावरून आले असून त्याचा अर्थ खवळणारे पाणी. दुपारी वारा सुटतो, म्हणून आम्ही सकाळीच मोटारबोटीत बसलो.

काठाजवळचा देखावा विलक्षण होता. पिवळ्या सालीच्या बाभळी पाण्यातच उभ्या, वठलेल्या. या झाडांमुळे हिवताप येतो असे जुने गोरे प्रवासी मानीत. दोष होता दलदलीतील डासांचा, नाव मात्र ‘तापाचे झाड’ असेच पडले. २०१० नंतर सरोवराची पातळी चढत गेली, तीत ही झाडे गेली. २०२० साली तर काठच्या वस्तीतील लोकांना घरेदारे सोडावी लागली. आता त्या वठल्या फांद्यांवर पाणकावळ्यांची बिऱ्हाडे आहेत.

नावाड्याने शीळ घालून एक मासा दूर फेकला. शेंड्यावरचा पांढऱ्या माथ्याचा मत्स्यगरुड झेपावला आणि पाण्याला जेमतेम पाय लावून मासा घेऊन गेला. पक्षिराजाने शिळेवर यावे, हे आम्हांस रुचले नाही. टाळी मात्र आम्हीही वाजविली!

पुढे पाणघोड्यांचा कळप लागला. कान, डोळे, नाकपुड्या तेवढ्या वर. दिवसभर पाण्यात राहायचे आणि रात्री काठावर चरायचे, असा यांचा क्रम. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दीड हजार किलोंच्या वर सहज जाते. “आजोबा, अजून जवळ जाऊ या ना!” नातू म्हणाला, आणि आम्हीही तोच आग्रह धरला. पुतण्याने तो नावाड्यास स्वाहिलीत सांगितला. नावाड्याने मान हलविली आणि बोट उलट मागे घेतली. मोजलेल्या पैशांचा विचार आमच्या मनात येऊन गेला, हे कबूल केले पाहिजे.

एवढ्यात एक डोके बुडाले. पाणी स्थिर. पुष्कळ वेळाने, आम्ही जेथे जाऊ पाहत होतो नेमके तेथे, पाणी फुगले आणि जबडा उघडून ते धूड वर आले. नातू आम्हांस बिलगला. कोणी काही बोलले नाही.

परतताना काठाशी एक मनुष्य छातीभर पाण्यात उभा राहून जाळे ओढीत होता. नावाड्याने लाट उठू नये म्हणून बोट अगदी मंद केली, हात करून कळप होता ती दिशा दाखविली आणि काहीतरी ओरडून सांगितले. तो मनुष्य मागे वळून पाहता झाला. मग पुन्हा जाळे ओढू लागला.

“कोण तो?” आम्ही विचारले.

नावाड्याशी दोन शब्द बोलून पुतण्या म्हणाला, “काका, त्याचा थोरला भाऊ आहे.”