सर्व्हरचं बॉनेट उघडताना…

कॉलेज फेस्टची वेबसाइट यंदा तुमच्या गळ्यात पडलीय. भाड्याने घेतलेल्या छोट्याशा लिनक्स मशीनवर तुम्ही एका कमांडमध्ये एनजिनएक्स टाकलंत (उच्चार ‘इंजिन एक्स’ बरं का!), पान उघडलं, सगळे खूश. तेवढ्यात एक सीनियर येऊन विचारतो, ‘ब्रॉटली आहे का? एचटीटीपी-३ चालू केलंस?’ झालं, तुमची झोप उडाली.

घाबरू नका. इगोर सिसोएव्ह या रशियन इंजिनिअरने २००४ मध्ये हा सर्व्हर सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा प्रश्न होता एकाच मशीनवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन्स सांभाळायचा. त्याचा गाभा आटोपशीर आहे आणि बरीचशी कामं मॉड्यूल्सकडे दिलेली आहेत. पूर्वी प्रत्येक मॉड्यूलसाठी अख्खा सर्व्हर पुन्हा कंपाइल करावा लागायचा. २०१६ मध्ये १.९.११ ही आवृत्ती आली आणि मॉड्यूल वेगळं बनवून बाहेरून जोडता येऊ लागलं.

म्हणून आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. एनजिनएक्सच्या कमांडपुढे डॅश आणि कॅपिटल ‘व्ही’ टाका. आवृत्ती आणि बनवताना वापरलेले सगळे पर्याय समोर येतील. ही यादी जपून ठेवा.

आता ब्रॉटली. गुगलने बनवलेली ही कॉम्प्रेशनची पद्धत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट सहसा जीझिपपेक्षा लहान करते. पोस्टरच्या जेपीजी फोटोंवर मात्र तिचा काही उपयोग नाही, ते आधीच दाबलेले असतात. एनजिनएक्ससोबत ती येत नाही. त्यासाठी तुमच्या आवृत्तीचाच सोर्स कोड उतरवा, कॉन्फिगर करताना ‘विथ-कॉम्पॅट’ आणि ‘ॲड-डायनॅमिक-मॉड्यूल’ हे पर्याय द्या आणि फक्त मॉड्यूल्स बनवा. तयार झालेल्या फाइल्स मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये टाका आणि कॉन्फिगच्या अगदी वरती ‘लोड मॉड्यूल’च्या ओळी लिहा.

‘तुमच्या आवृत्तीचाच’ हे मी उगाच म्हटलेलं नाही. खरी गोची तिथेच आहे. समजा, फेस्टच्या आदल्या रात्री मशीनने स्वतःहून अपडेट घेतलं. एनजिनएक्स पुढे गेलं, मॉड्यूल जुन्याच आवृत्तीचं राहिलं. रीस्टार्ट करताच सर्व्हर म्हणणार, मॉड्यूलची आवृत्ती जुळत नाही, आणि उठणारच नाही. रजिस्ट्रेशनचं पान गायब! त्यामुळे बदल केला की आधी डॅश ‘टी’ने कॉन्फिग तपासा, आणि मगच रीलोड करा. रीलोडमध्ये चूक निघाली तर जुना सेटअप चालू राहतो, रीस्टार्टमध्ये ती सोय नाही. अपडेट कायमचं बंद करून टाकायचा मोह होईल. तसं करू नका, सुरक्षेचे पॅचही त्याच वाटेने येतात. आवृत्ती बदलली की मॉड्यूल पुन्हा बनवायचं, हे काम आता तुमचं.

एचटीटीपी-३ ची गोष्ट वेगळी. एचटीटीपी-२ मध्ये सगळ्या फाइल्स एकाच टीसीपी कनेक्शनवरून येतात. टीसीपीचा हट्ट असा, की मधलं एक पॅकेट हरवलं तर ते परत येईपर्यंत मागचं सगळं थांबवायचं. लोकलमध्ये नेटवर्क गचके खात असताना हे चांगलंच जाणवतं. एचटीटीपी-३ यूडीपीवरच्या क्विकवर चालतं, त्यामुळे एका फाइलचं पॅकेट हरवलं तरी बाकीच्या फाइल्स पुढे सरकतात.

एनजिनएक्समध्ये हे २०२३ च्या १.२५.० पासून आलं. हे बाहेरून जोडता येत नाही, कंपाइल करतानाच आत घालावं लागतं. पण एनजिनएक्सच्या अधिकृत लिनक्स पॅकेजेसमध्ये ते तेव्हापासून आहेच, मग हौस असेल तरच कंपाइल करा. ४४३ पोर्टवर ‘क्विक’ची एक जादा ‘लिसन’ ओळ टाका, जुनी टीसीपीची ओळ राहू द्या. टीएलएस १.३ चालू हवं. आणि ‘ऑल्ट-एसव्हीसी’ हेडर द्या, नाहीतर ब्राउझरला पत्ताच लागणार नाही.

एवढं करूनही चालत नसेल, तर फायरवॉल बघा. ४४३ वर टीसीपी उघडं आणि यूडीपी बंद, ही अगदी नेहमीची चूक. कॉलेजच्या वायफायवर यूडीपी अडवलेलं असेल, तर ब्राउझर गुपचूप एचटीटीपी-२ वर येतो, साइट बंद पडत नाही.

तपासायला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि प्रोटोकॉलचा कॉलम दाखवा. पहिल्यांदा ‘एच-२’च दिसेल. लगेच कॉन्फिग उचकायला जाऊ नका. हेडर ब्राउझरला आत्ता कुठे मिळालाय, पान एक-दोनदा पुन्हा लोड करा.